शिंगांचा हिशेब

दिवाळी अंकात शिकारकथा असायचीच, असा एक काळ होता. भयकथा आणि वार्षिक राशिभविष्य यांच्या मधल्या पानांत ती दबा धरून बसलेली असे. अंधारी रात्र, झाडावर बांधलेले मचाण, खाली ओरडणारा बोकड, आणि 'इतक्यात झुडपात खसफस झाली' हे ठरलेले वाक्य! आजोळच्या माळ्यावर जुन्या अंकांचे गठ्ठे होते. त्यांतल्या असल्या कथा मी लहानपणी पांघरुणात शिरून वाचल्या आहेत. शिकारी हमखास वाचायचा, वाघ हमखास मरायचा, आणि त्या वाघाचे आपल्याला काही वाटायला हवे होते हे ध्यानातही यायचे नाही.

पुढे 1972 साली वन्यजीव संरक्षणाचा कायदा आला, आणि हळूहळू ती कथा अंकांतून नाहीशी झाली. तिच्या जाण्याचे दुःख मी कधी केले नाही. पण 'यंदा मी शिकारीवर लिहिणार आहे,' असे मी घरात जाहीर केले, तेव्हा आमच्या सौभाग्यवतींनी हातातले निवडायचे ताट खाली ठेवले.

"तुम्ही? आणि शिकारीवर? मोरीत झुरळ निघालं तर मला हाका मारता ना!"

आक्षेप रास्त होता. तेव्हा आधीच सांगून टाकतो, वाचकहो, की या लेखात बंदूक मी उडवलेली नाही. ती उडताना पाहिली, तीही मी नव्हे, माझ्या एका बालमित्राने.

हा मित्र अमेरिकेत डॉक्टर आहे. गेल्या दिवाळीत तो पुण्याला आला आणि भाऊबिजेच्या दुसऱ्या दिवशी आमच्याकडे फराळाला बसला. चिवड्याची एक बशी संपली, दुसरी आली, आणि त्याने खिशातून मोबाइल काढून एक छायाचित्र आमच्यापुढे धरले. पांढरेशुभ्र बर्फ, वर निळे, अगदी शाईसारखे निळे आकाश, गुडघे टेकून बसलेला एक लालबुंद चेहऱ्याचा गोरा गृहस्थ, त्याच्या हातात रायफल आणि पुढ्यात एक मेंढा. मेंढा म्हणायचे ते केवळ जातीने. अंगाने तो एखाद्या तट्टाएवढा होता. आणि शिंगे! डोक्यातून निघून, कानामागून वळून, गालापाशी येऊन, पुन्हा बाहेर झेपावलेली. जिलबीवाल्याचा हात ऐन भरात यावा तशी ती वळणे होती. एका कोपऱ्यात आमचा मित्र, नाक लाल झालेला, कानटोपीत उभा होता.

"काका, तो मेला आहे?" आमच्या धाकटीने विचारले. ती दहावीत आहे.

"हो ग."

तिने अर्धी चकली बशीत ठेवली आणि उठून आत गेली. सौभाग्यवती "चहा टाकते हं," म्हणत तिच्यामागे गेल्या. मित्र ओशाळला. आतल्या दाराकडे पाहत म्हणाला, "वहिनी, मी नाही हो मारला! मी नुसता बरोबर होतो." मग माझ्याकडे वळून म्हणाला, "मास्तर, तू तरी ऐकून घे."

मी ऐकून घेतले. पहिल्यांदा नाइलाजाने, मग कुतूहलाने. मित्र गेल्यावर वर्षभर मी त्या विषयावर मिळेल ते वाचीत राहिलो. त्याचा हा गोषवारा.

तो गोरा गृहस्थ म्हणजे माझ्या मित्राचा जुना रुग्ण. हृदय नाजूक, पैसा मात्र भक्कम. इतक्या उंचावर जायचे तर डॉक्टर बरोबर हवा, म्हणून त्याने याला आपल्या खर्चाने नेले होते. आणि जायचे होते ताजिकिस्तानला.

हा देश नकाशावर अफगाणिस्तानच्या डोक्यावर आणि चीनच्या कुशीत आहे. 1991 साली सोव्हिएत संघराज्य मोडले तेव्हा तो स्वतंत्र झाला. त्याची नव्वद टक्क्यांहून अधिक जमीन डोंगराळ आहे. आपण भूगोलात 'जगाचे छप्पर' म्हणून पामीरचे पठार पाठ केले, त्याचा मोठा भाग याच देशात येतो. राजधानीचे नाव दुशान्बे, आणि या नावाचा अर्थ सोमवार! तिथे सोमवारी बाजार भरे, म्हणून गावाचे नाव सोमवार पडले. पुण्याच्या सोमवार पेठेत वाढलेल्या माझ्या मित्राला हे कळल्यावर परकेपणा निम्मा गेला म्हणे. उरलेला भाषेने गेला. ताजिकांची भाषा ही फारसीच. बर्फाला ते 'बर्फ' म्हणतात, बाजाराला 'बाजार', नदीला 'दर्या', आणि शिकारीला 'शिकार'. शिवकालापासून आपल्या तोंडात बसलेले शब्द तिथे घरचेच आहेत.

दुशान्बेहून पंज नदीच्या काठाकाठाने जीपने जायचे. नदीच्या पलीकडच्या तीरावर अफगाणिस्तान. खोरोग या गावी पहिला मुक्काम. तिथून रस्ता चढू लागतो तो सव्वाचार हजार मीटरची खिंड ओलांडून पूर्व पामीरच्या उघड्या माळावर येतो. या भागाचे ठाणे मुर्गाब. नावाचा फारसी अर्थ लावला तर 'पाखरांचे पाणी'. पण गाव छत्तीसशे मीटर उंचीवर, झाड औषधालाही नाही. वस्ती मुख्यतः किरगीज पशुपालकांची. याक आणि मेंढ्या पाळायच्या, 'तेरेस्केन' नावाचे खुरटे झुडूप मुळासकट उपटून चुलीत घालायचे, आणि हिवाळा काढायचा. हिवाळ्यात पारा शून्याखाली तीस अंशांपर्यंत उतरतो. मित्राच्या पेनातली शाई पहिल्याच रात्री गोठली.

तर या माळावर तो मेंढा राहतो. किरगीज त्याला 'अर्कार' म्हणतात. जगाला तो मार्को पोलोचा मेंढा म्हणून ठाऊक आहे. तेराव्या शतकात मार्को पोलो पामीरवरून चीनकडे गेला. तिथल्या रानमेंढ्यांची शिंगे सहा-सहा वितींची असतात, धनगर त्यांचे वाडगे करतात आणि त्याच शिंगांची कुंपणे घालून गुरे कोंडतात, असे त्याने लिहून ठेवले. युरोपात पुष्कळांना ही प्रवाशाची थाप वाटली. 1838 साली जॉन वुड हा लेफ्टनंट ऑक्सस नदीच्या उगमाचा शोध घेत भर हिवाळ्यात पामीरवर चढला. तो कंपनी सरकारच्या ज्या आरमारात होता, त्याचे मुख्य ठाणे आपल्या मुंबईला होते. वुडबरोबर या मेंढ्याची शिंगे खाली आली, आणि 1841च्या सुमारास एडवर्ड ब्लाइथ या प्राणिशास्त्रज्ञाने मेंढ्याला मार्को पोलोचेच नाव देऊन टाकले. सहाशे वर्षांनी का होईना, थाप खरी ठरली. या मेंढ्याच्या शिंगाची मोजून नोंदलेली अधिकात अधिक लांबी सव्वासहा फूट आहे!

अशी शिंगे असणे हा मेंढ्याचा अपराधच म्हणायचा. दिवाणखान्याच्या भिंती त्यांच्यासाठी आसुसल्या. 1925 साली अमेरिकेचे माजी अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांचे दोन मुलगे, धाकटे थिओडोर आणि कर्मिट, काश्मीर, लेह, काराकोरम खिंड असा खडतर प्रवास करून या मेंढ्यामागे गेले. शिकागोच्या संग्रहालयासाठी त्यांना नमुने हवे होते. आजचा शिकारी संग्रहालयाचे नाव सांगत नाही. तो सरळ 'ट्रॉफी' म्हणतो. ट्रॉफी म्हटले की माझ्या डोळ्यांपुढे रणजी ट्रॉफी येते. निदान ती जिंकताना दुसऱ्या बाजूलाही बॅट असते.

या एका मेंढ्यासाठी परदेशी शिकारी साधारण चाळीस हजार डॉलर आणि त्याहूनही अधिक मोजतो. म्हणजे आपले पस्तीस लाखांच्या आसपास झाले. त्यात परवाना, जीप, वाटाडे, तंबू, जेवण सगळे आले. परवाने दरसाल मोजके निघतात. मेंढा म्हातारा हवा, मादीला हात लावायचा नाही. मेंढ्याचे वय शिंगावरच्या वळ्यांवरून कळते. झाडाच्या खोडात वर्षे मोजतात तशी ती मोजायची. शिकारीत मचाण नाही, बोकड नाही, खसफस नाही. उघड्या माळावर मेंढ्याला कोसावरून माणूस दिसतो, म्हणून वाऱ्याची दिशा पाहत, पोटावर सरपटत जायचे आणि दुर्बीण लावलेल्या रायफलीने तीनशे-चारशे मीटरवरून नेम धरायचा. साडेचार हजार मीटर उंचीवर दहा पावले सरपटले की छाती फुटेलसे वाटते. माझ्या मित्राचे सारे लक्ष मेंढ्याकडे नव्हते, रुग्णाच्या नाडीकडे होते.

चौथ्या दिवशी गोळी लागली. मित्र म्हणाला, आवाज झाला आणि कळप डोंगराच्या कडेवरून सांडल्यासारखा पलीकडे गेला. एकच मागे राहिला, तो चार पावले चालला आणि पुढच्या गुडघ्यांवर बसला. वाटाड्याने जवळ जाऊन आधी शिंगावरची वळी बोटाने मोजली. दहा निघाली. मग त्याने मान खाली घातली आणि तोंडातल्या तोंडात काही म्हटले. डोके आणि शिंगे परदेशी माणसाची. मांस गावात वाटले गेले.

रात्री शेगडीपाशी या वाटाड्याने आपली गोष्ट सांगितली. दुभाषा होता, त्यामुळे मित्राला ती कळली. हा गृहस्थ साठीचा. सोव्हिएत अमलात मुर्गाबला कोळसा, पीठ, डिझेल सगळे बाहेरून येई. राज्य मोडले, लगेच 1992 ते 1997 अशी पाच वर्षे यादवी झाली, आणि ट्रक यायचे बंद झाले. अशा वेळी समोर डोंगरात मांस चरत होते. ज्याच्याकडे बंदूक तो वर गेला. हाही गेला. कोणी वय मोजले नाही, मादी पाहिली नाही, गाभण पाहिली नाही. त्या वर्षांत त्याने किती मारले, हे त्याने सांगितले नाही. मुलांना काय घातले तेवढे सांगितले. आज तोच माणूस शिकारतळावर पगारी नोकर आहे. चोरटा शिकारी दिसला तर तो जीप घेऊन मागे लागतो. कधीकधी तो चोर याच्याच नात्यातला निघतो.

ताजिक पामीरमध्ये 2009 साली मोजदाद झाली, तेव्हा हे मेंढे वीस हजारांहून अधिक भरले.

या देशाच्या दक्षिणेकडे, पंज नदीवरच्या दरवाझ आणि हजरतिशोह या डोंगरांत, दुसरी गोष्ट घडली. ती मला अधिक नवलाची वाटते. तिथे मारखोर नावाचा रानबोकड राहतो. फारसीत मार म्हणजे साप आणि खोर म्हणजे खाणारा. बोकड काही साप खात नाही. त्याच्या पिळदार शिंगांवरून लोकांना साप सुचला असावा. मराठीच्या मास्तराला मात्र हा शब्द ऐकून वेगळेच सुचले. आपल्याकडे लाच खातो तो लाचखोर, मग मार खातो तो मारखोर! आणि या बिचाऱ्याने खरोखरीच मार खाल्ला होता. 1990च्या दशकात या डोंगरांत ते साडेतीनशेच्या आसपास उरले होते. कायद्याने बंदी होतीच. पण बंदी कागदावर आणि बोकड कढईत.

मग तिथल्या काही पिढीजात शिकारी कुटुंबांनीच राखणीचे काम अंगावर घेतले. ज्यांना बोकडाची प्रत्येक वाट ठाऊक, तेच राखणदार झाले. कित्येक वर्षे त्यांना त्यापासून काही मिळाले नाही. 2012 साली मोजणी झाली, तेव्हा मारखोर हजारावर गेलेले दिसले. त्यानंतर सरकारने वर्षाला मोजून काही परवाने द्यायला सुरुवात केली. एका मारखोराला एक लाख डॉलरहून अधिक मोल येते. त्यातला वाटा गावाकडे येतो, त्यातून राखणदारांचे पगार निघतात आणि गावाची अडलेली कामे होतात. आणखी गंमत म्हणजे बोकड वाढले तसा त्यांच्यावर जगणारा हिमबिबट्याही या डोंगरांत नांदू लागला. लपवून ठेवलेल्या कॅमेऱ्यांत त्याची छायाचित्रे मिळाली. 2015 साली जागतिक यादीतही मारखोराची जात 'संकटात' या वर्गातून दोन पायऱ्या वर सरकली.

इथवर वाचून मी पुस्तक मिटले असते तर माझा लेख सोपा झाला असता. पण शंका काढणे हा आमचा धंदा. सगळीकडे पैसा गावात पोचतो असे नाही. पूर्व पामीरमध्ये मोठाली राने खासगी कंपन्यांच्या ताब्यात आहेत; तळावर नोकरी मिळाली तो सुखी, बाकीच्या गावाने डोंगराकडे पाहत बसायचे. म्हणून तर अलिचूर गावच्या लोकांनी स्वतःची संस्था काढून आपले रान आपण राखायला घेतले. दुसरी गोष्ट, सर्वांत मोठी शिंगे तेवढी नेमाने टिपत गेले तर मागे छोट्या शिंगांचेच बीज उरते. कॅनडात अल्बर्टा प्रांतातल्या एका डोंगरावर रानमेंढ्यांचा तीस वर्षे अभ्यास झाला. तिथे शिंगे खरोखरच आखूड झालेली आढळली, आणि 2003 साली ते प्रसिद्धही झाले. तिसरी शंका कुठल्या अहवालात नाही, ती आमच्या स्वयंपाकघरात आहे. सौभाग्यवती म्हणाल्या, "पस्तीस लाख द्यायचेच आहेत, तर मेंढा पाहून देता येत नाहीत का? मारायलाच कशाला हवा?" याला माझ्याकडे उत्तर एवढेच, की पाहायला पैसे देणारे लोक तीस अंश थंडीत, झाड नसलेल्या माळावर, फार थोडे जातात, मारायला मात्र जातात. हे उत्तर मनुष्यजातीला शोभणारे नाही, हे मलाही कळते.

आता घरचे सांगतो. आमचे मूळ गाव कर्जत तालुक्यात, पूर्वीच्या नगर आणि आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यात. घराच्या ओटीवर काळविटाची शिंगे लावलेली होती. आजोबांनी मारलेले काळवीट. बैलगाडीला काळवीट बुजत नाही, म्हणून गाडीच्या आडोशाने जायचे आणि बार टाकायचा, अशी तेव्हाची रीत. त्या शिंगांवर आजोबा पगडी अडकवीत, वडील टोपी आणि मी शाळेचे दप्तर. वडील सांगत, त्यांच्या लहानपणी माळावर शंभर-शंभरांचे कळप दिसत; ते स्वतः शिक्षक झाले तोवर एखादे दिसले तरी लोक बोलावून दाखवीत. आजोबांनी किती मारली याची नोंद नाही. कोणीच ठेवली नव्हती. वाटाड्याने निदान वळी मोजली. आमच्या ओटीवरच्या शिंगांची वळी मी दप्तर अडकवता अडकवता कधी मोजली नाहीत.

1980 साली तालुक्यातल्या रेहेकुरीला काळविटांसाठी अभयारण्य झाले. क्षेत्र केवळ सव्वादोन चौरस किलोमीटर. पण काळवीट टिकले, वाढले. तिथे कोणी परदेशी आला नाही, परवाना विकला गेला नाही. तेव्हा बंदुकीवाचून प्राणी वाचतच नाही, हे काही मला पटायचे नाही. 2003 साली सरकारने घरोघरच्या असल्या वस्तू जाहीर करायला मुदत दिली. वडिलांनी शिंगे उतरवली, पुसली आणि वनखात्याच्या स्वाधीन केली. आमचे घराणे पापमुक्त झाले, असे मला तेव्हा वाटले होते.

पण सव्वादोन चौरस किलोमीटरची वेस काळविटांना कुठली माहीत! ती रात्री शिवारात येतात. माझा चुलतभाऊ अजून तिथे शेती करतो. गेली कित्येक वर्षे तो मला सांगतो आहे, "दादा, कोवळी ज्वारी राहू देत नाहीत रे." आणि मी पुण्यात बसून त्याला म्हणत आलो आहे, "अरे, खाऊ दे की! मुकं जनावर ते." माझी भूतदया त्याच्या ज्वारीवर चालली होती, हे ताजिकिस्तानच्या मेंढ्याने मला शिकवावे! तिथल्या वाटाड्याने बंदूक खाली ठेवली ती कोणाच्या उपदेशाने नाही. जिवंत मेंढ्याशी त्याच्या पोराबाळांचे काही नाते जुळले, म्हणून ठेवली. इथे माझ्या भावाशी काळविटाचे नाते कोणते? एक रात्रीची राखण, आणि दुसरे माझे सुविचार.

मला ते छायाचित्र अजूनही आवडत नाही. गुडघे टेकून हसणारा तो गृहस्थ मला आपल्या ओटीवर चालणार नाही. पण त्याला नाक मुरडताना हल्ली मी थोडा अडखळतो.

हा लेख लिहून झाल्यावर धाकटीला वाचायला दिला. चकली अर्धी टाकून गेलेली हीच. तिने शेवटपर्यंत वाचला आणि म्हणाली, "बाबा, त्या दहा वर्षांच्या मेंढ्याला कुणी विचारलं होतं का?"

"नाही ग."

"मग हिशेब पुरा नाही लागला."

"नाही लागला."

थोडा वेळ ती गप्प बसली. मग म्हणाली, "आणि काकांच्या ज्वारीचा?"

यंदा भाऊबीज झाली की आम्ही सगळे गावी जाणार आहोत. पहाटे माळावर काळवीट चांगले दिसतात. शेजाऱ्यांकडून दुर्बीण मागून आणली आहे. चुलतभावाची किती ज्वारी दरसाल जाते, नुकसानभरपाईचा अर्ज कधी केला होता का, त्याचे पुढे काय झाले, हे बांधावर बसून नीट विचारायचे आहे. अर्ज लिहायचाच असला तर मराठीचा मास्तर बरोबर आहेच. इतकी वर्षे विचारायचे राहूनच गेले होते.